शुक्रवारच्या खोल्यांचा वास

मला वास येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं काही समजायचं नाही. गॅस, अत्तर, गटार, कांदाभजी, सगळं मला सारखंच. कधीपासून, ते विचारू नका. डोळे गेले तर माणूस दारावर आपटतो, कान गेले तर बायको ओरडायला लागते. नाक गेलं तर काहीच होत नाही, ते गुपचूप जातं. आणि त्या नाकापायी गेल्या महिन्यात माझ्या हातून एक गोष्ट घडली, ती आता भरून येणारी नाही.

नाक गेलंय हे पकडलं बायकोनं. मी दुष्काळी मुलखातला, बोईसरला केमिकल कंपनीत ऑपरेटर म्हणून आलो आणि इथलाच झालो. ती तारापूरच्या किनाऱ्यावरची, मच्छीमाराच्या घरातली. एका दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. फ्रीजमधले बोंबील उतरले म्हणून तिनं टाकायला बाहेर काढले आणि शेजारणीनं हाक मारली म्हणून गेली. मी ड्युटीवरून भुकेला आलो, समोर बोंबील दिसले, तळले आणि खाल्ले. ती परत आली आणि दारातच थांबली.

"ह्ये खाल्लं तुमी?"

"हो. चांगले लागले."

"अवो, खालच्या मजल्यापर्यंत वास येतोय!"

मग तिनं मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि नाकाखाली एकेक वस्तू धरली. मी ठोकून दिलं, साबण. पुन्हा काहीतरी धरलं. म्हटलं, साबण. तिसऱ्यांदाही साबणच. डोळे उघडले तर तिच्या हातात सुकटीचा डबा होता आणि ती हसत नव्हती.

माझं पोट त्या रात्री जे बिघडायचं ते बिघडलंच, पण तिचा जीव वेगळ्याच गोष्टीनं टांगणीला लागला होता. प्लँटवर कुठं काही सुटलं तर मीटरच्या आधी ऑपरेटरच्या नाकाला कळतं. ती म्हणाली, "तुमाला कळणार नाय, आन तुमच्यासंगं आणखी चौघं जातील. सायबाला सांगा." मी चिडलो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असतो. "वास गेला, राग तेवढा ऱ्हायला नाकावर," असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. मी म्हटलं, सांगितलं तर मला उचलून स्टोअरमध्ये टाकतील, नट-बोल्ट मोजत बसू का? ती म्हणाली, "तुमी नाय सांगितलं तर मी गेटवर येऊन सांगेन." ती आली असती हो. आठवडी बाजारात भल्याभल्यांना गप्प करणाऱ्या बायांची लेक ती. मी मुकाट्यानं सांगितलं. आणि झालं तसंच, स्टोअरमध्ये टाकलं.

डॉक्टरनं नळी घालून तपासलं आणि म्हणाला, कशानं गेलं सांगता येत नाही, परत येईल असं वाटत नाही. मी सहा महिने घरात कोणाशी धड बोललो नाही. जेवण म्हणजे नुसतं मीठ आणि तिखट. ताट सरकवून उठायचो. शेवटी एका गुरुवारी तिनंच पिशवी भरली आणि म्हणाली, "चला, कुठंतरी जाऊ. चांगल्या हाटेलात. तिथला वास मी सांगते तुमाला."

असं आमचं ते खूळ सुरू झालं. कंपनीची सुट्टी शुक्रवारची. जग शनिवार-रविवार फिरायला निघतं, आम्ही गुरुवारी तीन वाजता पहिली पाळी सुटली की निघायचो. कधी वाणगाववरून डहाणू, बोर्डी. कधी चिल्हारच्या रस्त्यानं हायवेला लागून सिल्वासा, नाहीतर नाशिक. शुक्रवारी असली हॉटेलं रिकामी असतात. अख्खा पोहण्याचा तलाव आमचा, आणि दोघांपैकी एकालाच पोहता यायचं. ती साडीचा काचा मारून उतरायची आणि मी काठावर पाय सोडून, कोणी येत नाही ना, यावर पहारा द्यायचो.

हॉटेल साधं नको, हा तिचा हट्ट. "लॉजवर काय जायचं, ते तर बोयसरातपन हाय." फोनवर फोटो बघून तीच निवडायची. एकीकडं गोल पलंग होता, त्याच्यावर उशाकडची बाजू कुठली आणि पायथा कुठला हेच कळेना. एकीकडं न्हाणीघराला चक्क काचेची भिंत, पलंगावरून सगळं दिसतंय! मी भडकलो. म्हटलं, पैसे घेऊन वर आमचीच शोभा करतात. तिनं शांतपणे बॅगेतली चादर काढली, कोळ्याचं जाळं बांधावं तशी दोन्ही टोकांना गाठी मारून बांधली आणि म्हणाली, "आता जावा." त्यानंतर ती चादर आणि दोरी प्रत्येक वेळी बरोबर असायची.

आणि खोलीचं दार उघडलं की आमचा नेम होता. मी सामान घेऊन बाहेर थांबायचं. ती उंबऱ्यात उभी राहून डोळे मिटायची, मोठा श्वास घ्यायची आणि सांगायची. "नव्या साडीची पिशवी उघडल्यावानी." "पावसाळ्यात सतरंजी वाळली नाय की येतो, तसा." "कोणतरी इथं विडी वढून गेलंय, आन मागनं अगरबत्ती लावलीय." एकदा नाशिकच्या बाजूला सगळीकडं लिंबाचा वास होता म्हणे. मी म्हटलं, बरा असेल की. ती म्हणाली, "लिंबाचा वास मारतात तिथं कायतरी लपवायचं असतं. फ्रेश-बिश काय नाय." आणि खरंच, पलंगाखाली ढेकूण निघाले. मी मॅनेजरला असं झापलं की विचारू नका.

तिनं सांगितल्यावर मला तो वास येतोय असं वाटायचं. खोटं नाही सांगत. तिचे शब्द ऐकून सतरंजी आठवायची, मग आईचं घर आठवायचं, मग भूकही लागायची.

गाड्या मात्र माझं खूळ. मला छोटी गाडीच आवडते, आणि त्यातही जी कोणी घेत नाही ती. पहिली लाल, खोक्यासारखी, तिची काच हातानं वर ढकलून मध्ये पुठ्ठा खोचावा लागायचा. दुसरी हळदीच्या रंगाची, इंजिन मागं असलेली, तिची डिकी मागून उघडायचीच नाही, सामान पुढची सीट पाडून आत ढकलायचं. बिल्डिंगमधले तिला अंडं म्हणायचे. "काका, अंडं कुठं निघालं?" एका हॉटेलच्या वॉचमननं आम्हाला पोर्चमध्ये येऊच दिलं नाही. "स्टाफ का पार्किंग पीछे है." मी उतरून भांडणार, तेवढ्यात बायकोच काच खाली करून म्हणाली, "भैया, आज हम ही साहब लोग है." तो बिचारा सलाम ठोकून बाजूला झाला. तिथून खोलीत पोचेपर्यंत ती हसत होती.

येताना तारापूरला तिच्या माहेरी थांबायचं, हेही ठरलेलं. सुके बोंबील, सुकट, वाकट्या, पिशव्या भरून मागच्या सीटवर. पुढं आरशाला तिचा गजरा, वाळून काळा पडला तरी काढायची नाही. सीटच्या कप्प्यात डोकेदुखीचा बाम. "गाडीला माझ्या घरचा वास लागला," म्हणायची. मी म्हणायचो, लागू दे, मला काय त्रास!

अशी दहा-अकरा वर्षं गेली. मग तिच्या पोटात गाठ निघाली.

उपचार चालू झाले आणि तिला वास सोसवेनासे झाले. फोडणी नको, साबण नको, कोणाची पावडर नको. शेवटच्या दिवसांत तिच्या अंगालाच वास यायला लागला असणार. मला कसं कळणार? पण भेटायला येणारे रुमाल काढायचे आणि खिडकीजवळची खुर्ची धरायचे, ते मला दिसायचं. मी तिला पुसायचो, कपडे बदलायचो, शेजारीच झोपायचो. एकदा ती माझ्याकडं बघत म्हणाली, "बरं झालं तुमचं नाक गेलं ते. नायतर तुमीपन तिकडं खुर्चीत बसला असता." मी म्हटलं, नसतो बसलो. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. मी चिडवते." मग दोघंही रडलो.

शेवटचं एकदा गेलो ते डहाणूला. तिनंच हट्ट धरला. हॉटेलात खोलीचं दार उघडलं, मी सवयीनं बाहेर थांबलो. ती उंबऱ्यात उभी राहिली, पदर नाकाला लावलेला. मी म्हटलं, "सांग की."

"चांगला हाय. समिंदराचा."

आत गेलो तर खिडक्या सगळ्या बंद, एसी लावलेला, पडदे ओढलेले. समुद्राचा वास आत यायला फट नव्हती. मी सामान आत ठेवलं. तिला तिथं काय काय सोसावं लागत असेल ते मला दिसत होतं, पण माझ्या वाटणीचं तिनं तेवढं सांगितलं.

ती जाऊन आता दीड वर्ष झालं. मीही रिटायर झालो. अंडं खाली बिल्डिंगच्या आवारात कव्हर घालून उभं. एकटा कुठं जाऊ? मुलगी पुण्याला असते. ती आली की एकदा तरी चावी घेऊन खाली जायची आणि गाडीत जाऊन बसायची, काचा बंद करून, अर्धा-अर्धा तास. मला वाटायचं, सासरच्यांशी फोनवर बोलत असेल, माझ्यासमोर नको. एकदा मी वरून ओरडलोसुद्धा, "अगं, एवढ्या उकाड्यात तिथं काय करतेस? वर ये!" ती डोळे पुसत आली. उकाड्यानं असेल म्हटलं.

गेल्या महिन्यात गाडी विकायला काढली, तेव्हा कुंभवलीच्या एकानं गिऱ्हाईक म्हणून फोन केला. नवीन लग्न झालेला, कारखान्यात कामाला. म्हटलं, एखाद्या जोडप्यानं फिरवलेली बरी. रविवारी बघायला येतो म्हणाला. आता द्यायची तर नीट करून द्यावी म्हणून मी शनिवारी सकाळी ती धुवायला नेली. आतून-बाहेरून, म्हटलं, सगळं स्वच्छ करा.

दुपारी आणायला गेलो. वॉशिंगवाला खुशीत होता.

"काका, काय वास होता हो गाडीत! निघता निघेना. दोनदा शॅम्पू मारला, सीटा सोलून उन्हात टाकल्या. आता बघा, काही नाही. वरून लेमन मारलाय."

"कसला वास होता?" मी विचारलं.

"सुकी मच्छी. आणि कसली तरी फुलं, कुजलेली. बाम पण. बाईमाणूस बसत असेल ना पुढं? अंगाला लावतात त्या खोबरेल तेलाचा पण होता थोडा, त्या सीटला." त्यानं काळा गजरा कचऱ्याच्या डब्यात टाकलेला दाखवला.

मी तिथं स्टुलावर बसलो. तो पाणी घेऊन आला.

दीड वर्ष ती माझ्या खिडकीखाली, त्या गाडीत होती आणि मला माहीत नव्हतं. लेकीला माहीत होतं. मी तिला वर ये म्हणून ओरडलो होतो. आणि आता मीच पैसे देऊन, दोनदा शॅम्पू मारून, तिला काढून टाकलं होतं. राग काढायला समोर कोणी नव्हतं. वॉशिंगवाल्यावर काढणार? त्यानं तर काम चोख केलं होतं.

गजरा मी डब्यातून काढून खिशात घातला. घरी येऊन कुंभवलीच्या माणसाला फोन करून सांगितलं, गाडी द्यायची नाही. तो वैतागला. "अहो काका, द्यायची नव्हती तर धुवून कशाला घेतली?" त्याला काय सांगू?

पुढच्या शुक्रवारी लेक आली. मी तिला फोनवर काही सांगितलं नव्हतं. चहा झाल्यावर तिनं खुंटीवरची चावी घेतली. या वेळी मीही मागोमाग जिना उतरलो. तिनं कव्हर काढलं, दार उघडलं आणि आईच्या सीटवर बसली. बसली आणि तशीच थांबली. मग तिनं सीटवर हात फिरवला. आरशाकडं पाहिलं, तिथं मी गजरा पुन्हा बांधून ठेवला होता.

मी दुसऱ्या बाजूनं जाऊन स्टेअरिंगवर बसलो. म्हटलं, "पोरी, मी गाडी धुतली गं. आतून. मला काय माहीत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं डोळे मिटले आणि मोठा श्वास घेतला, हुबेहूब तिच्या आईसारखा.

मी विचारलं, "येतोय का गं?"

"येतोय, बाबा," ती म्हणाली. "आईचाच येतोय."

आणि पटकन हँडल फिरवून तिनं तिच्या बाजूची काच वर घेतली. म्हणाली, "तुमची पण लावा. नाहीतर जाईल."

मी माझी काच लावली.