सात नंबरचा हातोडा

माझ्या थोरल्या जाऊबाईंना टोळीतली माणसं मागे 'हातोडाबाई' म्हणतात. तोंडावर मात्र ताई. मीही ताईच म्हणते. आमच्या जंगलात कापायच्या झाडावर खूण करण्याचं काम त्यांच्याकडे आहे. कुऱ्हाडीने साल सोलायची, आतल्या ओल्या लाकडावर हातोडा हाणायचा, की हातोड्याच्या तोंडावर कोरलेला सातचा आकडा उमटतो. प्रत्येक झाडाला दोन ठसे, एक छातीच्या उंचीवर, एक अगदी मुळाशी. झाड पडलं की वरचा ठसा ओंडक्याबरोबर जातो आणि खालचा खुंटावर राहतो. तपासणीला येणारा माणूस वाकून वाकून तो खालचा शोधतो. ठसा नसलेला खुंट सापडला तर टोळीची धडगत नाही.

पहिल्या वर्षी टोळीतल्या एकाने त्यांना विचारलं होतं, "बाई, हातोडा पेलतो ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्या डोक्यावर मारून बघू?" त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तो गडी अजून त्यांच्यापासून दोन हात लांब उभा राहतो.

आम्ही कंपनीच्या क्वार्टरमध्ये शेजारी शेजारी राहतो. मधली भिंत एकच, आणि तिला आम्ही एक खिडकी पाडून घेतली आहे. साखर, भाजी, भांडणं, सगळं त्या खिडकीतून इकडचं तिकडे होतं. थोरले दीर खाणीच्या पंपावर आहेत. माझे यजमान टोळीत यंत्रकरवत चालवतात. म्हणजे एका घरात डोंगर खणणारा, एका घरात झाडं पाडणारा, आणि त्या दोघांना कुठे थांबायचं ते सांगणारी बाई त्याच पंगतीला. आमच्याकडे वाद घालायला बाहेरून कुणाला यावं लागत नाही.

इथे बारा महिने पाऊस असतो. गेल्या साली मात्र आठ आठवडे थेंब नव्हता. त्याच कोरड्या दिवसांत ताईंनी वरच्या उतारावरची झाडं मारून घेतली. आमच्यात खूण करण्याला 'झाड मारणं' म्हणतात, झाड तेव्हा चांगलं उभंच असतं. वाहत्या पाण्यापासून तीस पावलांच्या आतलं झाड मारायचं नाही, हा नियम. काठावरच्या झाडांची मुळं माती धरून ठेवतात. तिथला ओढा खाली खाणीच्या तळ्यात येतो, तळ्यावर पंप आहे, आणि आमच्या नळाला पाणी त्याच तळ्याचं. सात वर्षांपूर्वी पलीकडच्या उतारावर कुणीतरी काठाची झाडं मारली होती. काठ सरकला, तळं गाळाने भरलं, पंप अकरा दिवस बंद. खाण बंद, नळ बंद. थोरले दीर अकरा दिवस कमरेएवढ्या चिखलात उभे होते. त्यांच्या पायाची खाज पुढे वर्षभर गेली नाही.

पाऊस परतला त्या आठवड्यात ताई एकदा दुपारीच घरी आल्या. गमबूट न काढता माझ्या पायरीवर बसल्या. त्या असं कधी करत नाहीत.

"अगं, मी ओढ्यातली झाडं मारलीत."

"तुम्ही?"

"मी. अडतीस."

वरच्या उतारावर एक रुंद, सपाट वाट होती. कोरड्या दिवसांत टोळीने तिच्यावरून ओंडके ओढले होते. चाकोऱ्या पडल्या होत्या, पालापाचोळा दाबून बसला होता. ताईंना ती ओढकामाची वाटच वाटली. त्यांनी दिसत होतं त्या पाण्यापासून तीस पावलं मोजली आणि त्या वाटेच्या दोन्ही अंगांना हातोडा मारत गेल्या. आता त्या वाटेवरून गुडघाभर पाणी धावत होतं. तो ओढ्याचाच दुसरा फाटा होता.

"एका झाडाच्या मुळाशी माझा सात आहे ना," त्या म्हणाल्या, "त्याच्यावरून पाणी जातंय. आरशात तोंड दिसावं तसा स्वच्छ दिसतो."

मारलेलं झाड सोडवायचं तर एकच रीत आहे. जुन्या ठशावर आडवा ठसा हाणायचा. त्याला काट म्हणतात. काट मारली की त्याच दिवशी ऑफिसच्या रजिस्टरात कारणासकट लिहायची. वर्षाला दहापर्यंत चालतात. दहाच्या वर गेल्या की हातोडा ऑफिसात जमा आणि माणसाची चौकशी. एकोणीस वर्षांत ताईंच्या नावावर एकही काट नव्हती.

संध्याकाळी मुकादम आला. टोळी परवापासून त्याच अडतीस झाडांना लागणार होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, चहा पूर्ण संपवला आणि आवाज खाली आणला.

"ताई, आम्ही आठ दिवसांत पाडून मोकळे होतो. तपासणीवाला यायला दोन महिने आहेत. खुंटावर सात आहे. कागद चोख आहे. कोण काय म्हणेल?"

"मी म्हणेन," भिंतीच्या खिडकीतून थोरल्या दिरांचा आवाज आला. "गाळ मला उपसावा लागतो."

"तुम्ही जेवा हो गुमान," ताई खिडकीकडे न बघता म्हणाल्या.

"पाडणं, तुकडे करणं, ओढणं, सहा आठवड्यांचं काम आहे ते," मुकादम म्हणाला. "चौदा माणसं आहेत. त्यांना काय सांगू? ओढा जागा झाला म्हणून घरी बसा?"

माझे यजमान इतका वेळ करवतीची साखळी पुसत बसले होते. ते म्हणाले, "वहिनी, जरा माझ्याकडेही बघा."

"बघतेय ना भावजी. माझ्या लग्नात मानाचा टॉवेल मिळाला नाही म्हणून रुसला होतात, तेव्हा असेच दिसत होतात." मग त्यांचा सूर बदलला. "काट मी मारणार. त्यावर बोलणं नाही. पण टोळी घरी बसणार नाही. पूर्वेकडच्या डोंगराच्या धारेवर वाऱ्याने किती झाडं आडवी झालीत?"

"असतील तीसेक. पण तिथे वाट नाही ताई, सगळा चढ. पडलेलं लाकूड काढायचं म्हणजे नुसती कटकट."

"कटकट आहे, पण काम आहे ना? खाणीला आधाराचे खांब लागतातच. पडलेल्या झाडाला परवानगी लागत नाही, ठसा पुरतो. आणि उद्याचा दिवस माझ्या हातात हातोडा आहे. परवा नसेल."

मुकादमाने कपात बघितलं. चहा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. झाडाचा घेर मोजायला त्यांचा दोर धरणारा तापाने पडला होता, आणि दुसरं कोण होतं? देवाचं नाव घेतलं, पिशवीत जळवांसाठी मीठ घेतलं आणि निघाले. पूर्वेची धार म्हणजे वेताचं जाळं. दर दहा पावलांना माझी साडी कशात तरी अडकायची आणि ताई पुढून म्हणायच्या, "सोडव आणि चल. पार्टीला नाही आलो आपण." त्यांनी दिवसभरात सत्तावीस आडवी झाडं मारली. चार सोडली, ती आतून पोकळ होती. एकाच्या भोकात मी डोकावले तर आतून काहीतरी फिस्स करून अंगावर आलं. "असू दे," ताई म्हणाल्या, "भाडेकरू आहेत. काढायचे नाहीत."

परतताना त्यांनी जिथे जिथे ओंडका घसरून खाली जाईल तिथे झाडाला चुन्याची रेघ ओढली. मुकादमाला वाट शोधायला वेळ लागू नये म्हणून. तोपर्यंत माझे पाय माझे राहिले नव्हते. त्या मात्र मान वाकवून रेघा ओढतच होत्या. एकदाच थांबल्या, हातोडा दोन्ही हातांत धरून बघितला आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही ओढ्याच्या फाट्यावर. अडतीस झाडं, प्रत्येकी दोन ठसे, म्हणजे शहात्तर घाव. वरचा उभ्याने, खालचा पाण्यात वाकून. मी पोचता पोचता देवाजवळ एवढंच मागितलं, की यांचा हात मध्येच थांबू नये. पहिली काट मारताना त्या क्षणभर थांबल्या खऱ्या. मग पुढच्या झाडांना थांबल्या नाहीत.

ऊन वर आलं तेव्हा टोळी आली, करवती-दोर खांद्यावर घेऊन. मुकादमाला अजून आशा होती, की ताई पाच-सहा काटांवर थांबतील आणि बाकीची झाडं पाडायला मिळतील.

"ताई, कितवं?"

"बारावं."

तो मटकन दगडावर बसला. दहाची रेघ ओलांडली म्हणजे हातोडा गेला, आता मागे फिरणं नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. ताईंच्या तळहाताला फोड आले होते. माझे यजमान पुढे झाले.

"वहिनी, खालचा मी मारतो. किती वाकाल?"

"हातोडा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो भावजी."

"मग पाणी तरी प्या."

त्या पाणी प्यायल्या. मग बोटाने पूर्वेकडे दाखवलं. "तुमचं काम तिकडे आहे. चुन्याच्या रेघा धरून जा. आणि पोकळ ओंडक्यांच्या वाटेला जाऊ नका." टोळी उठली. मुकादम सर्वांत शेवटी उठला.

ऑफिसात साहेबांनी रजिस्टर दोनदा वाचलं. कारणाच्या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं, 'वाट समजले. ओढा होता.' आदल्या दिवशीची सत्तावीस झाडंही तारखेसकट लिहिली होती.

"बाकीचे वर्षाला चार-पाच काटा दाखवतात," साहेब म्हणाले. "तुम्ही एकदम अडतीस?"

"एकोणीस वर्षांच्या साठल्या होत्या, साहेब."

साहेब हसले, पण हातोडा कपाटात ठेवून किल्ली फिरवलीच. तो आवाज ताईंनी खाली बघून ऐकला.

चौकशीला सात आठवडे लागले. तेवढे दिवस ताई दुसऱ्या एका नव्या पोराच्या हाताखाली दोर धरत होत्या. सकाळी नेहमीच्याच वेळेला निघायच्या, नेहमीचेच गमबूट. तो बिचारा संकोचाने अर्धा व्हायचा. पूर्वेच्या धारेवरचं काम सहा नाही, चार आठवडे पुरलं. पुढचे दोन आठवडे माझे यजमान घरी होते, आणि त्या दोन आठवड्यांत त्यांनी आमच्या न गळणाऱ्या छपराची तीनदा दुरुस्ती केली. बोलायचे कमी. खिडकीतून ताईंकडे भाजी मात्र रोज तेच द्यायचे. त्याच दिवसांत चार दिवस झड लागली. फाट्याचं पाणी काठाला लागलं, काठ जागेवर राहिला. तळ्यावर थोरल्या दिरांनी पंप एक तासही थांबवला नाही.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "ती वाट आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी पाला उकरून बघायला हवं होतं. नाही बघितलं."

मुकादम बाहेर बाकावर होता. त्याला बोलावलेलं नव्हतं. तो चिखलाच्या बुटांसकट आत आला.

"साहेब, वाट आम्ही पाडली. ओढ्याच्या पोटातून ओंडके ओढले, जवळ पडतं म्हणून. आम्हाला माहीत होतं तो फाटा आहे ते. बाईंना सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर झाडं मिळाली नसती."

ताईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. घरी आल्यावर त्या मला म्हणाल्या, की त्या वेळी हातोडा हातात नव्हता ते बरं झालं.

टोळीला ओढ्याच्या पोटातून ओढकाम करायची कायमची बंदी झाली. ताईंच्या कागदावर अडतीस काटांची नोंद राहिली, ती आता निवृत्तीपर्यंत राहील. आणि कपाट उघडलं.

हातोडा मिळाला त्या दिवशी त्यांनी एकही झाड मारलं नाही. मला हाक मारली, निळ्या रंगाचा डबा माझ्या हातात दिला आणि आम्ही ओढ्याच्या पाण्यातूनच वर चढत गेलो. जिथे पाणी पायाला लागलं तिथून तीस पावलं, आणि तिथल्या झाडाला निळा पट्टा. दुसऱ्या फाट्यालाही तसंच. कोरड्यातही दिसेल, कुणी पाला दाबला तरी दिसेल.

अर्ध्यावर मुकादम भेटला. टोळी वरच्या अंगाला जात होती. तो थांबला, एका पाला साचलेल्या सपाट पट्टीकडे बोट करून म्हणाला, "ताई, यातून जायचं का?"

ताईंनी हातोड्याच्या दांड्याने पाला उकरला. खाली गोल, गुळगुळीत गोटे होते.

"वरून जा," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "रंग हलव. खाली बसलाय."