बो नदीवरचा बुल ट्राउट

कॅनडातली बो नदी कॅनमोर गावाच्या खाली आली की घाई सोडते. दोन्ही काठांना स्प्रूसची गर्द रांग, डोंगरमाथ्यांवर ऑगस्टमध्येही बर्फाच्या रेघा, आणि पाणी असं हिरवं, की त्यात हात घालायचा धीर होऊ नये. अशा पाण्यावर कॅल्गरीचे चारुदत्त आपटे कैक वर्षं ट्राउट धरत आले. धरायचे आणि सोडायचे. मासा खाणं हा त्यांच्या मते रानटीपणा. धरून सोडणं ही संस्कृती.

बायको शुभदाताई वेंगुर्ल्याच्या. त्यांनी बांगडा तळायचा तो गराजमध्ये, दार उघडं टाकून, उणे वीसमध्ये अंगात कोट घालून. एक जीव मारून पोट भरायचं म्हणजे काय, असं आपटे दारातून विचारायचे आणि नाक धरून आत जायचे.

मराठी मंडळात मात्र कुजबुज होती, की आपटे जे मासे सोडतात ते आधी धरलेलेच नसतात. ती कानावर आली तेव्हा आपट्यांनी मंडळाचा चिटणीस उन्मेष यालाच साक्षीला बोटीत घेतलं. वल्ह्यांवर डॅरल नावाचा वाटाड्या. मागे शुभदाताई, मांडीवर डबा.

दुपारपर्यंत आपट्यांच्या गळावरच्या पिसांच्या खोट्या माशीला फक्त फांद्या लागल्या. नदीचं कुठे चुकतंय ते आपटे समजावून सांगत होते. तेवढ्यात एका संथ वळणावर दोरी ताणली, दांडी वाकली, आणि डॅरलने मासा जाळीत घेतला. बुल ट्राउट. हाताएवढा लांब, अंगावर फिके केशरी ठिपके, जसे कुणी सावकाश बसून काढलेले.

हा मासा संरक्षित आहे, पाण्यातच ठेवा, एक फोटो काढा आणि सोडा, असं डॅरलने बजावलं. आपट्यांनी मान डोलावली आणि मासा उचलून छातीशी धरला. पहिल्या फोटोत टोपीची सावली तोंडावर आली. मग डोंगर कापला गेला. मग आपट्यांना वाटलं, आपण पुरेसे हसलो नाही. आपटे सांगतील तसा उन्मेष फोन घेऊन वाकत होता. डॅरलने दोनदा हटकलं, तेव्हा हा फोटो मंडळासाठी आहे, असं आपट्यांनी त्याला इंग्रजीतून समजावलं.

अखेर त्यांनी मासा पाण्यात सोडला. तो उलटा झाला. डॅरलने ओणवं होऊन त्याचं तोंड प्रवाहाकडे धरून पाहिलं. कल्ले हलेनात.

मग घरी न्यायचा का, उन्मेषने हळूच विचारलं. मेला तरी न्यायला बंदी, डॅरल म्हणाला, आणि त्याने हात काढून घेतला.

"अहो," शुभदाताई म्हणाल्या, "आम्ही मारतो तो निदान खातो तरी."

आपट्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "उन्मेष, ग्रुपवर टाक. खाली लिही, सन्मानाने सोडला."

उन्मेषने फोन त्यांच्यापुढे धरला. "काका, ते तुम्हीच लिहा."

आपट्यांनी फोन घेतला नाही. नदीने बोटीला आणि माशाला सारख्याच वेगाने उचललं होतं. पांढरं पोट आपट्यांच्या बाजूनेच, कोपराशी चाललं होतं. जरा जोरात वल्हव, असं त्यांनी डॅरलला सांगितलं. डॅरलने दोन्ही वल्ही पाण्यातून काढली आणि गुडघ्यांवर आडवी ठेवली.