यील्डमध्ये न मोजलेला गाळ

“यील्ड किती?” असं कोणी विचारलं की विजया चुरी यांच्या कपाळाला आठी पडायची. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत हा प्रश्न ख्यालीखुशालीसारखा विचारला जाई. त्यांच्या कारखान्याचं उत्तर ठरलेलं होतं, शहाण्णव टक्के. प्लँट मॅनेजर रामनाथ सावे ते सांगताना मान जरा ताठ करत.

विजयाताई चिंचणीच्या, वाडीवाल्या बागायतदार घरातल्या. एम.एस्सी. झाल्या आणि १९८१ साली या कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या. इथे रंगांसाठी लागणारं अनिलीन बनायचं. पद्धत शंभर वर्षांहून जुनी. नायट्रोबेन्झीनमध्ये लोखंडाचा कीस नि थोडं आम्ल घालून ढवळायचं. लोखंड त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, अनिलीन तयार होतं आणि तळाला काळा गाळ उरतो. यील्ड सांगतं ते इतकंच, की नायट्रोबेन्झीनमधलं किती कामी आलं. गाळाची त्यात कुठे नोंदच नाही.

१९९२ मध्ये मुंबईच्या एका ग्रंथालयात त्यांच्या हाती एक नवा लेख पडला. त्यात सरळ विचारलं होतं, भांड्यात टाकलेल्या सगळ्या अणूंपैकी मालात किती गेले आणि कचऱ्यात किती? विजयाताईंनी तिथेच बसून आपल्या कारखान्याचा हिशोब मांडला. मालात जेमतेम पस्तीस टक्के. किलोभर अनिलीनमागे पावणेदोन किलोंहून जास्त गाळ, तोही कोरडा धरला तर. लोखंडाच्या जागी हायड्रोजन वायू वापरला असता तर मालासोबत नुसतं पाणी निघालं असतं. परतल्यावर त्यांनी हा हिशोब सावेंपुढे ठेवला.

“ताई, हायड्रोजनचं भांडं म्हणजे बॉम्बच,” सावे हसत म्हणाले. “आपले मालक, शेठ, तो स्वतःच्या पायाखाली ठेवतील? आणि गाळाचं एवढं काय? आपला गाळ लोक मागून नेतात.”

हे मात्र खरं होतं. कुंभवलीच्या अलीकडे एक पाडा आहे. तिथे घरांच्या जोत्यांत भराव म्हणून कंपनीचा टेम्पो हा गाळ फुकट टाकून येई. वाळला की दगडासारखा घट्ट, वाळवीही लागत नाही. पाड्याने एकदा शेठला नारळ आणि टोपी देऊन त्यांचा सत्कार केला होता. त्या सत्काराचा फोटो ऑफिसात लावलेला होता, आणि त्याखालून जाताना विजयाताईंना संताप आवरत नसे. टाकायला पैसे पडले असते ते विष दान म्हणून खपत होतं, वर आभारही मिळत होते. गाळात अनिलीन अडकून राहतं हे त्यांनी सावेंना दोनदा सांगितलं होतं. सावेंनी दोनदा मान डोलावली होती.

पुढच्या पावसाळ्यात पंचायतीचा वामन पाड्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकायला आला. रीत दरवर्षीचीच, विहिरीचं पाणी बादलीत काढायचं, त्यात पावडर कालवायची, निवळी विहिरीत ओतायची. यंदा कालवता कालवता बादली जांभळी झाली, मग तपकिरी.

“काय घातलंस ह्यात? आमाला मारतोस काय?” पारू ओरडली. ती कारखान्यात झाडलोट करायची. तिचं घर विहिरीला लागूनच.

“अगं, दरसालचीच पावडर हाय.”

त्याचं कोणी ऐकलं नाही. बादली त्याच्याच अंगावर ओतली आणि पावडर पाड्यात आणायची नाही, असं त्याला बजावलं.

“सरकारी पावडर खोटी हाय, बाय. पानी जांबळं झालं,” पारूने दुसऱ्या दिवशी विजयाताईंना सांगितलं. विजयाताईंनी हातातली परीक्षानळी खाली ठेवली. कॉलेजात त्यांनी हाच प्रयोग केला होता. अनिलीन ओळखायचं तर ब्लीचिंग पावडर घालायची. जांभळं झालं की समजायचं, आहे. पावडरीने चोर पकडून दिला होता, आणि मार पावडरीलाच पडला होता.

त्या सावेंकडे गेल्या. सावेंनी ऐकून घेतलं, शेठना फोन केला आणि आठवड्याच्या आत पाड्यावर सभा बोलावली. कंपनी नळ आणून देणार, जुनी विहीर बुजवणार, भरावही कंपनीचाच. टाळ्या पडल्या. भरलेला टेम्पो सभेच्या कडेला उभा होता.

विजयाताईंनी टेम्पोत डोकावून पाहिलं. काळा गाळ. त्या तशाच पुढे आल्या. एका पेल्यात त्यांनी लांबच्या मासवण गावाहून आणलेलं हातपंपाचं पाणी ओतलं, दुसऱ्यात या विहिरीचं. वामनला बोलावून त्याच्याच हाताने दोन्हींत पावडर टाकवली. एक पेला दुधाळ राहिला, दुसरा जांभळा झाला.

“पावडर तीच आहे. खोट या विहिरीच्या पाण्यात आहे. ती या गाळातून आली, आणि आज तोच गाळ विहिरीत ओतायला आणलाय!”

“ताई, खाली बसा,” सावे दबक्या आवाजात म्हणाले.

पारू उठली. “गाळ वंगाळ हाय, हे तुला कदी ठावं झालं?”

“मी साहेबांना सांगितलं होतं.”

“सायबाला सांगितलंस! सायेब आमच्या हिरीचं पानी पितो काय?”



बायकांनी टेम्पो वळवायला लावला, कारखान्यापर्यंत त्याच्या पुढे चालत गेल्या आणि फाटकातच तो रिकामा करवला. त्यानंतर कुठल्याच पाड्याने गाळ घेतला नाही. आवारात ढीग बॉयलरच्या शेडला टेकला. कंपनीची गुपितं फोडल्याबद्दल विजयाताईंची नोकरी गेली.

वर्षभराने सावेंचा फोन आला. “हायड्रोजनचं भांडं आलंय. सुरू करायला तुम्हीच हव्यात.”

“माझा हिशोब पटला वाटतं?”

“हिशोबाचं राहू द्या. गाळ टाकायला जागाच उरली नाही.”

“म्हणजे विहीर गेली म्हणूनही नाही. तुमचं अंगण भरलं म्हणून!” विजयाताईंचा आवाज चढला. “येईन. पण आधी जोत्यांतला गाळ काढा. माझ्यासमोर.”

ठरल्या दिवशी टेम्पो आणि फावडी घेऊन माणसं पाड्यावर आली, सोबत सावे आणि विजयाताई. पारू दारात आडवी उभी राहिली.

“घर उकरून गाळ नेशील, बाय. घर कोन बांदील?”

विजयाताईंनी सावेंकडे पाहिलं.

“ते शेठना विचारावं लागेल,” सावे म्हणाले.

विजयाताई टेम्पोच्या फाळक्यावर बसल्या. “विचारून या. मी इथेच आहे. तोवर तुमचं भांडं सुरू होणार नाही.”