लोटन झीलकऱ्याची लेव्हल

जळगावच्या बळीराम पेठेत, एका अरुंद जिन्यावर, कुंदाबाईंची टायपिंगची शाळा होती. जिना चढू लागलं की वरून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा. अकरा मशीनं, अकरा विद्यार्थी आणि त्यांच्या पाठीमागून हातात लाकडी पट्टी घेऊन फिरणाऱ्या बाई. "नजर कागदावर! बोटांकडे कोण पाहतंय? जेवताना घास तोंडात जातो की कानात? मग बोटांवर विश्वास ठेव." ती पट्टी कधी कुणाला लागली नाही, पण धाक असा की जिन्यातच माणसं चपला हळू काढायची.

अठ्ठ्याण्णव साली अर्धी मशीनं माळ्यावर गेली आणि त्यांच्या जागी सहा कॉम्प्युटर आले. बाईंचे यजमान मोतीलाल एसटीच्या कचेरीत कामाला होते. ते म्हणाले, "आता पट्टी कुठं आपटशील? काचेवर आपटलीस तर शॉक बसेल." तीन महिन्यांत बाईंची बोटं नव्या बटणांवर अशी धावू लागली की मोतीलालच गप्प झाले.

या कॉम्प्युटरांबरोबर एक खेळही जिना चढून वर आला.

खेळ धुळ्याच्या दलिचंदनं लिहिला होता. घरचं कापडाचं दुकान भावांवर सोडून त्यानं आग्रा रोडवर कॉम्प्युटर क्लास काढला होता. त्याच्या खेळात चित्र म्हणून नव्हतं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची: 'तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आतून घोरण्याचा आवाज येतो.' पुढं काय करायचं ते आपण टाइप करायचं. मार, पळ, दार उघड. इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले. आणि गंमत अशी, की त्याच गुहेत त्याच वेळी धुळ्याचे चौघे, जळगावचे सहा आणि पाचोऱ्याचा एक जण असायचे. अशा कितीतरी टोळ्या, सगळ्या टेलिफोनच्या तारेवरून धुळ्याच्या एका यंत्राला जोडलेल्या. रविवारी बाहेरगावचा फोन अर्ध्या दरात, म्हणून खेळ रविवारीच. सकाळी दहा ते दुपारी एक.

आत शिरताना चार पेशांपैकी एक निवडायचा: योद्धा, जादूगार, चोर किंवा वैद्य. एकदा निवडला की कायमचा. राक्षस मारला की गुण, गुण साठले की लेव्हल वर. आणि खेळ सुरू होताना सगळ्यांच्या पडद्यावर पहिल्यांदा झळकायची ती वीस मानकऱ्यांची यादी, लेव्हलच्या क्रमानं.

पारोळ्याचा उखर्डू इंजिनिअरिंगला जळगावात राहत होता. त्याचा योद्धा सारखा मरायचा, कारण त्याची बोटं बटणं शोधत फिरायची. म्हणून तो बाईंकडे टायपिंग शिकायला आला. एका रविवारी बाई त्याच्या मागं उभं राहून पाहत होत्या.

"तुमच्यात वैद्य कोण रे?"

"कोनी नही, अक्का. वैद्य कोन व्हई? त्यानी लेव्हल चढत नही."

"मग जखमी झालं की?"

"मरी जातस. बठ्ठा, एकूणएक मरी जातस!"

बाईंनी शेजारची खुर्ची ओढली. यंत्रानं नाव विचारलं. त्यांनी टाइप केलं: लोटन. पेशा: वैद्य.

लोटन हे त्यांच्या वडिलांचं नाव. तमाशाच्या फडात लोटननं एकतीस वर्षं झील धरली. झीलकरी म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या पाठीमागं उभा राहणारा. पुढचा माणूस रंगात आला, श्वास तुटला, आवाज फाटला, की मागून त्याच्या पट्टीत सूर उचलायचा आणि त्याला दम घेऊ द्यायचा. लोकांना कळतही नाही. टाळी पुढच्याला मिळते, दौलतजादाही त्याच्यावरच होते. फडाच्या बोर्डावर सरदाराचं नाव असायचं, सोंगाड्याचं असायचं, नाचणारणीचं तर ठळक असायचं. लोटनचं नाव कधीही, कुठल्याही गावच्या बोर्डावर लागलं नाही.

जेवणाच्या पंगतीही तशाच. पहिल्या पंगतीला सरदार आणि सोंगाड्या, दुसरीला वाजवणारे, तिसरीला झीलकरी आणि तंबू ठोकणारे. कुंदा नऊ वर्षांची असताना अमळनेरच्या मुक्कामी बापाला भेटायला गेली होती. त्या दिवशी लोटन सरळ पहिल्या पंगतीत जाऊन बसला. वाढपी थबकला. सरदार म्हणाला, "लोटन, ऊठ. तुनी जागा ती नही."

लोटन बसूनच म्हणाला, "काल तुमना गळा बठना, तवय गानं कोनी धरी ठेवं?"

त्या दिवशी त्याला वाढलं गेलं. दुसऱ्या मुक्कामी त्याचं ताट पुन्हा तिसऱ्या पंगतीत मांडलं. तो पुन्हा पहिल्या पंगतीत बसला. तिसऱ्या मुक्कामीही तेच. चौथ्या मुक्कामापासून त्याचं ताट कुणी हलवलं नाही. भांडण नाही, शिवी नाही. नुसतं बसणं.

तो बाप जाऊन पाच वर्षं झाली होती. कुंदाबाईंना त्याचं नाव एकदा त्या यादीत पाहायचं होतं, धुळ्या-जळगावच्या पडद्यांवर, झीलकऱ्याचंच काम करून मिळवलेलं.

आणि काम त्यांनी असं केलं की ज्याचं नाव ते. वैद्याला प्रत्येक वेळी जखमी माणसाचं पूर्ण नाव लिहावं लागे. वीरांनी नावंही अशी घेतली होती की विचारू नका. उखर्डूच्या योद्ध्याचं नाव महाबलीरणगर्जन. 'मलम लाव महाबलीरणगर्जन' हे इतरांना एकदा लिहायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात बाई चौघांना मलम लावून पाचव्याला पाणी पाजत. वर्षभरात त्यांच्या टोळीतला एकही जण गुहेत मेला नाही. उखर्डू सव्विसाव्या लेव्हलला पोचला आणि यादीत दुसरा आला. लोटन मात्र टोळीच्या वाट्यातल्या चिल्लर गुणांवर सातव्या लेव्हलला रेंगाळत होता. वैद्य कुणाला मारत नाही, मग जास्त गुण कुठून मिळणार?

नव्व्याण्णवच्या गणपतीत पडद्यावर दलिचंदची सूचना आली: 'दिवाळीपासून काळदुर्गाचा वरचा दरवाजा फक्त विसाव्या लेव्हलपुढच्यांना उघडेल. यादीही त्यांचीच राहील.'

बाईंनी लगेच टाइप केलं, "वैद्यांनी काय करायचं?"

दलिचंदचं उत्तर आलं, "बाई, तुम्ही योद्धा व्हा. तुमच्यासाठी नियम मोडतो. बसल्या जागी एकविसावी लेव्हल देतो. उद्या नाव यादीत."

उखर्डू खुर्चीतून उठलाच. "हो म्हणा, अक्का! एकवीस! फुकट!"

बाईंनी एवढंच लिहिलं: "पुढच्या रविवारी समोर येऊन बोलते."

पुढच्या रविवारी पहाटेच्या गाडीनं त्या निघाल्या. उखर्डूही मागं लागून बरोबर आला. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "अक्का, एका खेळापायी धुळं?"

"तू सव्वीस लेव्हलींपायी दोन विषय घालवलेस. मी तर नुसतं तिकीट काढलंय."

दलिचंद साधा, गोरागोमटा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. त्यानं आईला सांगून फाफडा आणि चहा मागवला, बाईंना पंख्याखालची खुर्ची दिली. मग वादाला तोंड फुटलं.

उखर्डू म्हणाला, "माझं ऐका, भाऊ. पेशेच काढून टाका. ज्याला जे शिकायचं ते शिकू द्या. मी तलवारही चालवीन, मलमही लावीन."

"मग तुला दुसऱ्याची गरज काय उरली?" दलिचंद म्हणाला. "एकटा जाशील, एकटा येशील. मग तारेवरून अकरा माणसं जोडायची कशाला? घरी पत्ते मांडून बस."

"मग लेव्हल तरी काढा."

"लेव्हल काढली तर पुढच्या रविवारी येणार कोण? वर पायरी दिसली की माणूस पाय उचलतो."

"दलिचंदभाऊ, हे दोन्ही मला कबूल," कुंदाबाई म्हणाल्या. "पेशे हवेत. फडात सगळेच राजे झाले तर ढोलकी कोण वाजवणार? पायऱ्याही हव्यात. माझ्याकडे पोरं तीस शब्दांची परीक्षा देतात, मग चाळीसची देतात, म्हणून तर शिकतात. पण मी प्रत्येकाला त्याच्या कामावर मोजते. तुम्ही मारलेलं मोजता. वाचवलेलं मोजतच नाही."

"पण बाई, योद्धा जीव धोक्यात घालतो. वैद्य काय, मागं उभा असतो."

बाईंनी कप बशीत ठेवला.

"एक तास माझ्या जागेवर बसा. मागं. मी तुमच्या जागेवर बसते."

दलिचंद हसला. खेळ त्यानंच लिहिलेला, प्रत्येक राक्षसाची खोड त्याला पाठ. "बसतो की!" म्हणून तो लोटनच्या नावानं आत शिरला. त्याचा योद्धा बाईंनी घेतला. उखर्डू तिसऱ्या यंत्रावर बसला, जळगावचे तिघं तारेवरून आले, आणि टोळी लोहासुराच्या गुहेत उतरली.

आता दलिचंदची एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. एवढा मोठा खेळ लिहिणारा हा माणूस दोन बोटांनी टाइप करायचा. रात्रंदिवस बसून, एकेक अक्षर वेचून त्यानं तो लिहिला होता. लिहिताना घाई नव्हती. इथं लोहासुराला घाई होती.

पहिल्या फटक्यात उखर्डू जखमी झाला. दलिचंद 'महाबली'पर्यंत पोचला तोवर चोर आडवा. तो चोराकडे वळला तर जादूगार ओरडला. पडद्यावर जळगावकरांच्या ओळी धडाधड येऊ लागल्या: 'वैद्य झोपला का?' 'अक्का, काय झालं?' 'अरे, पाणी पाज कुणीतरी!' दलिचंदच्या कपाळावर घाम आला. त्याच्या दोन बोटांना एकाच वेळी चार माणसं हाका मारत होती.

शेजारी कुंदाबाई निवांत बसून एकच शब्द लिहीत होत्या. मार. मार. मार. मध्येच त्यांनी फाफड्याचा तुकडाही तोंडात टाकला.

थोड्याच वेळात सगळी टोळी गुहेत मरून पडली. उभा राहिला तो एकटा बाईंचा योद्धा, तोही लोहासुराला मारून. पडद्यावर उमटलं: 'अभिनंदन! तुमची लेव्हल एकनं वाढली.'

"वर्षभरात मला सहा मिळाल्या," बाई म्हणाल्या. "ही एक तर चहा निवायच्या आत मिळाली. आणि माझी सगळी माणसं मेलीत, तरी तुमचं यंत्र माझं अभिनंदन करतंय."

दलिचंदनं कपाळाचा घाम पुसला. "बाई, हा खेळ मी लिहिला," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मला तो माहीत आहे."

मग यादीची विसाव्या लेव्हलची अट काढून टाकून तो कामाला लागला. कुणी कुणाला वाचवलं, कितव्या क्षणी वाचवलं, त्याचे गुण वैद्याला कसे द्यायचे, याचा कच्चा आराखडा जेवणापर्यंत तयार झाला. पण जेवताना त्याचा हात थांबला.

"एक अडचण आहे. मागच्या वर्षी कोणी कोणाला वाचवलं ते यंत्रानं कुठं टिपलंच नाही. नवा नियम लावायचा तर सगळ्यांना पहिल्या लेव्हलवरून सुरू करावं लागेल. सगळं पुसून."

"पुसून?" उखर्डूच्या हातातला घास खाली आला. "भाऊ, सव्वीस लेव्हली! घरी बापाला काय सांगू?"

"बापाला त्या सव्वीस माहीत आहेत का?" बाईंनी विचारलं.

"नही."

"मग पुसल्याचंही कळणार नाही."

दलिचंद चाचरत म्हणाला, "बाई, तुमचा हक्क मोठा आहे. लोटनला मी विसाव्यावर ठेवतो. कुणी काही म्हणणार नाही."

क्षणभर कुंदाबाईंना ती यादी दिसली. वीस नावं, आणि त्यात ते एक. मागायचा अवकाश होता.

"ताट कुणी दया म्हणून पुढं मांडलं असतं, तर माझा बाप त्यावर बसला नसता," त्या म्हणाल्या. "पहिलं नाव लोटनचं पुसा. माझ्यासमोर."

त्यानं पुसलं. सात लेव्हली आणि वर्षाचे रविवार एका बटणात गेले. बाईंनी पापणी हलवली नाही. उखर्डूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा ताटाकडे, आणि मान खाली घालूनच म्हणाला, "मग दुसरं मनं नाव पुसा. मी अक्काना मांगे."

दिवाळीनंतरच्या रविवारी दहाला दहा कमी असताना कुंदाबाई यंत्रापुढं बसल्या. मोतीलाल चहाची किटली घेऊन जिना चढून आले होते. दहाच्या ठोक्याला तार जुळली. यंत्रानं नाव विचारलं, पेशा विचारला. बाईंच्या बोटांपुढं कोण टिकणार? सगळ्यांची लेव्हल एकच, त्यामुळं जो आधी आत तो यादीत आधी.

पडद्यावर उमटलं: 'मानकरी. १. लोटन. वैद्य. लेव्हल १.'

खाली एकोणीस ओळी कोऱ्या.

मोतीलाल चष्मा पुसून वाकले. "लोटन. म्हणजे आपले..." हातातली किटली खाली ठेवायला ते विसरले.

पहिलेपण सात-आठ मिनिटं टिकलं. मग धुळ्याच्या कुणीतरी पहिला राक्षस लोळवला आणि लोटन एक पायरी खाली आला, मग आणखी एक. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पदर खोचला, पाठ ताठ केली आणि नजर पडद्यावर रोवली. बोटं आपापल्या बटणांवर बसली.

"अक्का!" पलीकडून उखर्डू ओरडला. त्यानं या वेळी नाव घेतलं होतं फक्त 'उखा'. "अक्का, मलम!"

"ओरडू नकोस," बाई म्हणाल्या. "कधीच लावलं."