केदारखेड्यात मानदुखीची चौकशी

बदनापूर मागे पडलं तेव्हा मी फाईल तिसऱ्यांदा उघडली. मानदुखीवरच्या आमच्या संशोधनासाठी केदारखेड्याच्या बायकांची तीन महिन्यांनंतरची तपासणी करायला मी एकटी निघाले होते. चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते. एका गटाला मानेचे व्यायाम शिकवले होते. दुसऱ्याला फक्त शेक सांगितला होता. त्यांना व्यायाम आजच्या तपासणीनंतर शिकवायचे होते. गटांत फरक दिसला, तरच व्यायामाचा उपयोग सिद्ध होणार होता. माझं हे पहिलंच संशोधन. अनोळखी घरांत बोलायच्या विचाराने माझीच मान आखडली होती.

जालन्यात बसमधून उतरून भोकरदनकडची जीप पकडली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस. शेजारच्या आजोबांनी न विचारताच माझी फाईल मांडीवर घेतली. "तू नीट बस, माय." उतरेपर्यंत ती परत मागायचा मला धीर झाला नाही.

सुमनमावशी व्यायामाच्या गटातल्या. त्यांनी आधी धपाटे (ज्वारीच्या पिठाची तिखट थालीपीठं) आणि दही पुढे ठेवलं, मगच मान वळवून दाखवली. अगदी खांद्यापर्यंत! मी मनातून खूश झाले.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या कांतामावशी आल्या. त्या शेकाच्या गटातल्या. त्यांनीही मान सहज वळवली, मग कपाळाला तळवा लावून डोकं पुढे रेटलं. आमचाच व्यायाम.

"हे कुणी शिकवलं, मावशी?"

"सुमननं. समद्या गल्लीला. कापसाची गाठोडी डोक्यावरून उतरली की ओट्यावर बसतोच आम्ही."

मी सुमनमावशींकडे पाहिलं. "कुणाला शिकवायचं नाही, असं सांगितलं होतं ना?"

"सांगितल्तं की. पर ही समोर बसून 'मेले, मेले' करून राह्यली, अन् मी एकटीच मान हलवू? बरं दिसतं का ते?"

"हिला कुठली गोष्ट पचलीय आजवर!" कांतामावशी हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. "तुला रागावतील का गं? मंग लिही, कांताबाईनं काहीच केलं न्हाई. बिलकुल कळायचं न्हाई कुणाला."

कांतामावशींच्या तक्त्यातल्या 'ठरलेलाच उपचार घेतला का?' या प्रश्नापुढे माझं पेन थांबलं. माझ्यासाठी खोटं बोलायला त्या एका पायावर तयार होत्या. मी 'नाही' लिहिलं आणि खाली सगळी हकिकत.

अंगणातून माझ्या मार्गदर्शक मॅडमना फोन केला. "या गावापुरती तुलना गेली," त्या म्हणाल्या. "आहे तसंच लिही."

निघताना दोघींनी पिशवीत मोसंबी कोंबली. परतीच्या गाडीत ती सोलत मी विचार करत होते. कांतामावशींना व्यायामानेच बरं वाटलं, असं मला आता छातीठोकपणे लिहिता येणार नव्हतं. पण चूक सुमनमावशींची नव्हती. शेजारणीचं दुखणं बघत गप्प बसा, असं मी त्यांना सांगून आले होते आणि त्या ऐकतील असंही धरून चालले होते. जालना मागे पडलं. शेजारणींना एकाच गटात ठेवणाऱ्या नव्या आराखड्यासाठी कोरा कागद घेऊन मी पहिला प्रश्न लिहिला: 'तुमच्या समोर कोण राहतं?'