ऑपरेटरबाईंचा अर्धवट कॉल

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं लोटली, तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. हयातभर त्यांनी दुसऱ्यांचे फोन जोडून दिले. आता मुलाच्या घरात, मागच्या खोलीत बसून सख्ख्या बहिणीचा चेहरा मोबाइलवर गोठलेला बघताना त्यांचा नुसता जळफळाट व्हायचा.

धाकटी दूरच्या गावी, लेकीकडे, अंथरुणाला खिळलेली. तिला ऐकू कमी येई, पण समोरच्याचे ओठ बघून सगळं कळे. समोर चेहरा दिसल्याशिवाय ती बोलायचीच नाही, म्हणून साधा फोन उपयोगाचा नव्हता, व्हिडिओ कॉलच लागायचा. दुपारची जेवणं आटोपली की दोघी बसायच्या. हल्ली मात्र धाकटीचं वाक्य अर्ध्यावर तुटे आणि पडद्यावर ते मेलं चक्र फिरत बसे.

“अक्का, तुला एक सांगायचं राहिलंय गं...” एवढं दोनतीनदा ऐकू आलं. पुढे नुसते तुकडे.

“जुनाट फोन आहे तुझा, आई,” मुलगा म्हणाला. “शिवाय मागच्या खोलीच्या भिंती जाड आहेत.”

बाई हात बांधून बसणाऱ्यातल्या नव्हत्याच. त्यांनी राउटर बंद करून चालू केला. टीव्हीच्या मागून काढून कपाटावर ठेवला. शेवटी फोन घेऊन त्या थेट राउटरखालीच जाऊन बसल्या. तरी रडगाणं तेच. आणि शेजारी सोफ्यावर सुनेची मालिका कशी सुरळीत चाललेली!

“तुझं बरं पळतं गं?”

“माझा फोन नवा आहे ना, आई,” सून मान वर न करता म्हणाली.

बाईंनीही नवा फोन घेतला. मुलानंच तो मोठ्या हौसेनं वाय-फायला जोडून दिला. ढिम्म फरक पडला नाही. मग बाईंनी कुणाला न विचारता इंटरनेट कंपनीकडे तक्रार नोंदवली.

कंपनीचा माणूस येण्याआधीच भाचीचा फोन आला. धाकटीला झटका आला होता. जीव वाचला, पण वाचा गेली.

इंटरनेटवाला दारात उभा राहिला तेव्हा बाईंना त्याला परत पाठवावंसं वाटलं. पण तो बूट काढून आत आलासुद्धा. त्यानं लाइन तपासली, मग कंपनीत फोन लावून राउटरची सेटिंग बघायला सांगितली. बराच वेळ तो “हं, हं” करत राहिला.

“लाइन चोख आहे, बाई. फक्त तुमच्या फोनला स्पीडची मर्यादा घातलीय. घरातूनच.”

दारात उभी असलेली सून लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. बाईंनी त्याला पाणीही पिऊ दिलं नाही.

“अगं, घरून काम करतो तेव्हा माझ्या मीटिंगा अडकत होत्या,” तो म्हणाला. “तुझ्या काय, गप्पाच तर असतात.”

“मग तसं सांगायचंस. मला भिंती कशाला दाखवल्यास?”

“तू उगाच वाईट वाटून घेतलं असतंस.”

“आणि नवा फोन? त्यालाही तूच मर्यादा घातलीस ना?”

मोबाइल काढून त्यानं काहीतरी खटाखट दाबलं. “हे बघ, काढलं. झालं समाधान?”

दुसऱ्या दिवशी भाचीनं कॉल लावला. चित्र इतकं लख्ख, की धाकटीच्या उशीच्या अभ्र्यावर उसवलेला टाका दिसत होता. तिनं अक्काला ओळखलं. ओठ हलवायची खूप धडपड केली. एक कोपरा थरथरला, बस्स. तिला काय सांगायचं होतं, ते भाचीलाही ठाऊक नव्हतं.

बाईंनी बॅग भरली. मुलगा दारात आडवा आला. “आता जाऊन काय करणार? ती बोलणार थोडीच आहे!”

हे कळायला कुणी शिकवायची गरज नव्हती. मागेच जायला हवं होतं, तेव्हा याच घरच्या अडीअडचणी पुढे करून आपण राहिलो, हे आठवून त्यांना स्वतःचाही संताप आला.

“परत कधी येशील?” त्यानं विचारलं.

“बाजूला हो,” त्या म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.