पऱ्हाटीतली थाळी

थाळी हातातून सुटली की कुंदा तिच्यामागे धावत सुटायची. फेकून झाल्यावर तोल सावरणं, दम खाणं, माझ्याकडे वळून पाहणं, असलं काही नाही. थाळी हवेत असतानाच तिचे पाय निघालेले असायचे आणि डोळे थाळीवर खिळलेले. आंजीच्या आमच्या शाळेचं मैदान लहान होतं. पलीकडे काट्यांचं कुंपण आणि त्याला लागून गावातल्या एका दुकानदाराचं कपाशीचं, आमच्याकडे म्हणतात तसं पऱ्हाटीचं, शेत. नववीतच कुंदाची फेक ते कुंपण ओलांडू लागली होती.

मी शाळेत खेळ शिकवायचो. एकदा तिला म्हटलं, "अगं, जरा थांब. थाळी काय पळून जाते?"

"पऱ्हाटीत पडली ना सर, का मंग दिसत नाई. नजर हटली का गेली समजा. अन् एकच तं हाय आपल्यापाशी."

एकच आहे, हे खरं नव्हतं. तेच सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

कुंदा अंगाने थोराड, रुंद पंजांची. बोलणं गडगडाटी, हसणं त्याहून मोठं. पोरं चिडवायची, "कुंदे, थाळीत वरण वाढू का?" ती म्हणायची, "वाढ ना बे. मंग तुह्याच डोक्यावर फेकतो." बाप नव्हता. माय लोकांच्या शेतात निंदायला, कमरेला झोळी बांधून कापूस वेचायला जायची. सुट्टीच्या दिवशी कुंदाही जायची आणि सोमवारी बोंडांनी ओरखडलेली बोटं घेऊन सरावाला यायची. मी विचारलं, दुखत नाही का? तर म्हणाली, "दुखते ना सर. पन थाळीले काय मालूम?" खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळते, हे मीच तिला सांगितलं होतं. तेव्हापासून तिचं एकच पालुपद होतं, "मायच्या कमरेची झोळी सोडवाची हाय मले."

थाळीफेकीत एक साधा नियम आहे. थाळी जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळात थांबायचं आणि मग वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून बाहेर पडायचं. पुढून पाय बाहेर पडला तर फेक बाद. कितीही लांब गेलेली असो. मला हा नियम ठाऊक होता, तिलाही होता. पण रोजच्या सरावात तिने मागून बाहेर पडून वळसा घेतला असता, तर थाळी कुठे पडली ते तिला दिसलं नसतं, आणि माझी नजर तर तिच्या पायांवर असायची. मग तासभर आम्ही दोघं शेतात वाकून शोधत बसलो असतो, आणि दुकानदाराच्या शिव्या वेगळ्या. म्हणून मी तिला धावू दिलं. स्पर्धेच्या दिवशी वर्तुळाभोवतीच्या जाळीमागे उभा राहून ओरडायचो, "कुंदा, मागं!" माझा आवाज आला की तिचे पाय थबकायचे. वर्ध्याला असंच झालं, राज्य स्पर्धेत असंच झालं, राष्ट्रीय स्पर्धेतही असंच. मला वाटायचं, मी तिला सांभाळतो आहे.

खरी गोष्ट अशी की खेळाच्या खोलीतल्या कपाटात दुसरी थाळी होती. नवीकोरी, कागदात गुंडाळलेली. तपासणीला साहेब आले की सामान नवं दिसलं पाहिजे, हरवलं तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, म्हणून कुलपात. आमच्याकडे बऱ्याच शाळांत असंच चालायचं. ती दुसरी थाळी दिली असती, तर एक शेतात पडली तरी हातात एक उरली असती. कुंदा शांतपणे मागून बाहेर पडायला शिकली असती. मी किल्ली खिशात ठेवली.

दोन हजार सालानंतर युवा गटाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेसाठी तिची निवड झाली. शाळेने मिरवणूक काढली. मायने ओवाळताना विचारलं, "तिकडं पऱ्हाटी असते का व?" सगळे हसले. संघाच्या सराव शिबिरातल्या प्रशिक्षकांनी तिला सांगितलं होतं, अंतिम फेरी गाठली तरी नोकरीचं काम होईल. संघाबरोबर माझं जाणं शक्यच नव्हतं. निघताना मी म्हटलं, "मागून बाहेर पडायचं, लक्षात ठेव." ती म्हणाली, "हाव सर. तुमचा आवाज कानात घेऊनच चालली."

पात्रता फेरीत तीन संधी. पहिली थाळी जाळीत गेली, दुसरी जवळच पडली. तिसरी तिच्या आयुष्यातली सगळ्यात लांब फेक होती. आणि थाळी हवेत असतानाच कुंदा धावत सुटली, थेट समोर.

परत आल्यावर तिने मला सांगितलं, "एका मानसानं हात आडवा करून मले थांबवलं. लोक हसले, सर. मले वाटलं, खुशीनं हसून राह्यले. मंग फेक बाद झाल्याची लाल झेंडी दिसली."

दुसऱ्या दिवशी वर्ध्याहून एक बातमीदार आला. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्याने मला विचारलं, "एवढा साधा नियम तुम्ही शिकवला नव्हता?" कुंदा दाराशीच उभी होती. मी म्हणालो, "सगळं शिकवलं होतं. खेड्यातली मुलगी, गर्दी पाहून गांगरली. विसरली." बातमीदाराने तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिने एकदाच माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि म्हणाली, "हाव. माहीच चूक झाली."

तिच्या विसराळूपणाचीच बातमी छापून आली. पुन्हा शिबिराचं बोलावणं आलं नाही. सरावाला तीच येईनाशी झाली. पुढे वडनेरला तिचं लग्न झालं. पत्रिका मला आली होती. मी गेलो नाही.

काही वर्षांनी माझी बदली झाली. कपाट रिकामं करताना ती थाळी हाती लागली. कागद पिवळा पडला होता, थाळी तशीच. मी ती पिशवीत घालून वडनेरची बस धरली. कुंदा घरामागच्या शेतात कापूस वेचत होती. तिच्या कमरेला झोळी होती.

"या ना सर," ती म्हणाली. पूर्वीसारखं हसली नाही. मी थाळी तिच्या हातात दिली. "ही तेव्हाही होती, कुंदा. कपाटात."

"मले मालूम होतं. ते खोली झाडाले मीच तं जात होती."

"मग मागितली का नाहीस?"

"तुमी देली काऊन नाई?"

तिने झोळी सोडून बांधावर ठेवली. थाळी तळव्यावर तोलली, बांधालगतच्या मोकळ्या जागेत पाय रोवले आणि गर्रकन फिरली. इतक्या वर्षांनीही तिचं फिरणं तसंच होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कुंदा, मागं!"

त्याची गरज नव्हती. ती धावलीच नाही. थाळी पडल्याचा आवाज येईपर्यंत जागेवर उभी राहिली. मग वळून, मागच्या बाजूने, एकेक पाऊल टाकत बांधावर आली. झोळी पुन्हा कमरेला बांधली.

"सरकारी सामान हाय, सर. घेऊन जाजा," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीतला कापूस वेचायला वाकली.

मी पऱ्हाटीत शिरलो. ऊन उतरेपर्यंत शोधत होतो. थाळी सापडली नाही. ती हवेत होती तेव्हा मी कुंदाकडे पाहत होतो.